मूल सांभाळणाऱ्या बाईचे शिक्षण

पाळणाघराच्या दारात तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन प्रथमच येणारे आईबाप, मग ते बँकेतले असोत, टेलिफोन खात्यातले असोत, की अलीकडच्या काळात हिंजवडीच्या कंपन्यांतून रात्री उशिरा परतणारे असोत, जागेची स्वच्छता, दुधाची व्यवस्था आणि महिन्याचे पैसे यांची चौकशी संपल्यावर आवाज किंचित खाली आणून जो प्रश्न हमखास विचारतात तो असा, की येथे मुले सांभाळणाऱ्या बायांचे शिक्षण काय झाले आहे आणि त्यांना अनुभव किती वर्षांचा आहे. या प्रश्नाला मी वेळोवेळी निरनिराळी उत्तरे देत आले. आता पाळणाघराचा कारभार तरुण हातांत सोपवून, मुले सांभाळण्याच्या कामाला निघालेल्या स्त्रियांच्या एका वर्गाला शिकवण्याचे व त्यांची परीक्षा घेण्याचे काम मी करीत असते. आणि त्या उत्तरांपैकी कोणते टिकले, व का टिकले, हे सविस्तर मांडावे असे फार दिवस मनात आहे. आपल्या घरातील सर्वांत असहाय माणसे ज्यांच्या स्वाधीन करून आपण दिवसाचे नऊ-दहा तास निर्धास्त राहू पाहतो, त्या स्त्रियांच्या शिक्षणाचा विचार आपल्या समाजाने अगदीच थोडा केलेला आहे, ही खंत त्यामागे आहे.

१९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी पुण्यात पाळणाघर सुरू केले, तेव्हा वाडे पडून सदनिका उभ्या राहत होत्या, सासूबाई गावी आणि सून नोकरीत अशी कुटुंबे वाढत होती, आणि १९६१च्या प्रसूती-लाभ कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा संपली की मुलाचे काय करायचे या विवंचनेत बायका हवालदिल होऊन जात. ती रजा सव्वीस आठवड्यांची व्हायला, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची तजवीज करणे भाग पडायला २०१७ साल उजाडावे लागले. त्याआधीचा एक ठळक आधार म्हणजे १९४८चा कारखाने कायदा. त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमाने, पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे कामाला असतील त्या कारखान्यात मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवण्यास मालकाला बांधून घेतले, ही संख्या पुढे १९७६ मध्ये तिसांवर आणली, आणि त्या खोलीचा ताबा मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांकडे असावा असेही नमूद करून ठेवले. कायदा करणाऱ्यांच्या दूरदृष्टीबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. परंतु हे शिक्षण कोणाकडून, कोणाला आणि कसे मिळायचे, हे काम समाजाने करावयाचे होते, आणि ते बहुतांशी व्हायचेच राहिले.

माझ्याकडे कामाला आलेल्या पहिल्या मावशी वेल्ह्याकडच्या एका लहानशा वाडीतल्या. अक्षरओळख सहीपुरती. स्वतःची मुले वाढवलेली, जावांची आणि नणंदांची बाळंतपणे निभावलेली, आणि शहरात आल्यावर घरोघर बाळंतिणीला व बाळाला तेल लावण्याची, न्हाऊ घालण्याची कामे केलेली. त्यांच्या हातांत जे ज्ञान होते त्याचे वर्णन करणे मला आजही अवघड जाते, कारण ते त्यांनी कधी शब्दांत मांडलेलेच नव्हते. न्हाणीघरात पाट टाकून, पाय लांब करून, पिंढऱ्यांवर पालथे निजवलेले मूल त्यांच्या हाताखाली ज्या रीतीने सैल होत जाई, ते पाहून नवख्या आया आपले अश्रू पुसत. कारण त्याच मुलाने घरी अंघोळीच्या वेळी आकांत मांडलेला असे. भुकेचे रडे, झोपेचे रडे, पोटात कळ आल्याचे रडे आणि नुसते कंटाळ्याचे रडे यांतला फरक त्या स्वयंपाकघरातून ओळखत. एखादे मूल आजारी पडणार असले, तर ताप येण्याच्या आदल्या दिवशी, जेव्हा अंग थंड असते आणि खाणेपिणेही सुरळीत चाललेले असते, तेव्हा त्या म्हणत, ‘बाई, आज त्याचा खेळ बसलाय.’ मी त्या मुलाकडे निरखून पाहत असे. मूल खेळत असे, हसतही असे. पण हातातली वस्तू खाली पडल्यावर ती उचलण्यासाठी ते वाकत नसे, आणि हे त्यांच्या नजरेने टिपलेले असे.

याच हातांबरोबर आणखीही पुष्कळ काही आलेले होते. जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत मुलगा असो वा मुलगी, बाळाच्या छातीला थोडी सूज येते आणि कधी दुधासारखा थेंबही दिसतो. आईच्या शरीरातील संप्रेरकांचा तो परिणाम असतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. मावशींच्या परंपरेत ती छाती पिळून मोकळी करण्याची रीत होती, आणि त्या पिळण्यामुळे जंतुसंसर्ग होऊन गळू झालेली बाळे पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेली आहेत. कानात आणि नाकात तेल सोडणे, घरच्या काजळाचे बोट डोळ्यांत फिरवणे, वर्षाच्या आतल्या बाळाला गुटीबरोबर मध चाटवणे, अंघोळीनंतर ओवा-बाळंतशेपांच्या धुरात बाळाला धरणे, हे सारे त्या निखळ मायेने करीत. तापात झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा धरावा आणि दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घालावा, याविषयी तर त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अशा मुलाला कुशीवर वळवावे, त्याच्या तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि डॉक्टरांना गाठावे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यांनी पाहिलेली मुले झटका ओसरल्यावर बरी झालेली होती, आणि ती कांद्यामुळे बरी झाली असे त्यांनी मानले होते. तापाचा झटका बहुधा दोन-चार मिनिटांत आपणहून थांबतो, ही गोष्ट नुसत्या अनुभवाच्या बळावर कळणारी नाही; त्यासाठी कांदा न हुंगवलेली मुलेही कोणीतरी मोजलेली असावी लागतात. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने हात तयार होतात, नजर तयार होते, पण जे केले त्यामुळेच गुण आला की न करताही आला असता, हे ठरवण्याचे साधन त्या अनुभवाजवळ नसते. अनुभवी बाईच हवी असा आग्रह धरणाऱ्या आईबापांना मी हे नेहमी स्पष्टपणे सांगत आले.

काही वर्षांनी बालसंगोपनाचा अभ्यासक्रम पुरा केलेली एक तरुण मुलगी आमच्याकडे रुजू झाली. मुले तिला ताई म्हणू लागली. तिच्या दाखल्यावर बालमानस, आहारशास्त्र, प्रथमोपचार अशी विषयांची नावे होती, आणि ते विषय तिने खरोखरच मन लावून अभ्यासलेले होते. तिच्या येण्याने आमच्या पाळणाघरात झालेले बदल आजही टिकून आहेत. जुलाब लागलेल्या मुलासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर चित्रे काढून लावले. फुटाणे आणि शेंगदाणे खालच्या फडताळातून हलवून वर ठेवले गेले. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकले तर बोट घालून चाचपडू नये, बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, पाठीवर पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा, हे तिने सर्व मावशींकडून एका कापडी बाहुलीवर पुनःपुन्हा करून घेतले. छाती पिळण्याची रीत बंद झाली तीही तिच्यामुळेच, आणि ती तिने ज्या सौजन्याने बंद करवली, तसे सौजन्य मी पुढे मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांत क्वचितच पाहिले.

तथापि, आपल्याजवळ असलेल्या ज्ञानाची मर्यादा तिला ज्या प्रसंगाने दिसली, आणि आमच्या पाळणाघराच्या कामकाजाला ज्याने कायमचे वळण लावले, तो येथे सांगितलाच पाहिजे. नव्याने आलेले मूल पहिले काही दिवस रडते आणि मग शांत होते. या शांत होण्याला आम्ही सगळेच रुळणे म्हणतो. दीड वर्षाचा एक मुलगा पहिले दोन दिवस दाराकडे धाव घेऊन रडत होता, आणि पुढे कोपऱ्यातल्या सतरंजीवर स्वस्थ बसू लागला. दिलेला घास खाई, निजवले की निजे, कोणालाही त्रास देत नसे. ताईने त्याच्या पानावर ‘रुळला’ अशी नोंद केली. तिला शिकवलेल्या लक्षणांप्रमाणे ती बरोबरच होती. मावशींना ती नोंद वाचता येत नव्हती, पण ताईने मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, ‘हा रुळला न्हाई. ह्यानं आस सोडलीया.’ संध्याकाळी आई घ्यायला आली तेव्हा त्या मुलाने तिच्याकडे पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. मावशी हे दोन दिवस पाहत होत्या. ते सांगण्याजोगे आहे, आणि ऐकण्यात कोणाला स्वारस्य असेल, असे मात्र त्यांच्या मनात आलेले नव्हते.

त्याच सुमारास माझ्या वाचनात एका स्कॉटिश गृहस्थाची हकीकत आली. जेम्स रॉबर्टसन हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी चालवलेल्या हॅम्पस्टेडच्या बालगृहांत बॉयलर सांभाळण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामावर होते. युद्धाने घरापासून तुटलेल्या मुलांच्या त्या बालगृहांत ॲना फ्रॉइड यांनी असा दंडक घातला होता, की तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाने, त्याचे शिक्षण कितीही असो वा नसो, मुलांच्या वागण्यात जे दिसेल ते लहान कार्डांवर लिहून द्यावे, आणि त्या कार्डांवर सर्वांनी बसून चर्चा करावी. बॉयलर पेटवणाऱ्या या माणसाची नजर त्या कार्डांनी घडवली. पुढे त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, डॉ. जॉन बोल्बी यांच्यासमवेत काम केले, आणि १९५२ मध्ये इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरचा त्यांचा चित्रपट पाहून इंग्लंडातल्या डॉक्टरांत मोठी खळबळ उडाली. आईपासून दुरावलेले मूल आधी आक्रोश करते, मग निराश होते, आणि शेवटी अलिप्त होते. इस्पितळातल्या परिचारिका ज्या शांततेला मूल रमल्याचे लक्षण समजत होत्या ती शांतता वास्तविक निराशेची होती, हे त्यांनी जगापुढे मांडले. वेल्ह्याच्या मावशींनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट तीच होती. दोहोंतले अंतर इतकेच, की त्या स्कॉटिश माणसाला कोणीतरी कार्ड दिले आणि त्यावर काय लिहिलेस ते वाचून दाखव असे सांगितले.

माझ्या सर्व अनुभवाचे सार मला या एका गोष्टीत सापडले. मूल सांभाळणाऱ्या बाईने काय पाहिले हे तिला रोज विचारणारे, ते आदराने ऐकून घेणारे आणि त्याची खातरजमा करणारे कोणी असेल, तरच तिचा अनुभव वाढतो; एरवी वर्षे जातात आणि पहिल्या वर्षीचेच काम विसाव्या वर्षीही चालू राहते. शिक्षणाचेही तसेच आहे. पुस्तकातले लक्षण आणि समोरचे मूल यांचा मेळ बसतो की नाही हे सांगणारी जाणती नजर शेजारी नसेल, तर दाखला घेतलेली मुलगी त्या लक्षणांच्याच आधाराने चुकीची नोंद करीत राहते, आणि ती नोंद चुकीची आहे हे तिला कळण्याचा मार्गच उरत नाही.

आम्ही मग दुपारची बैठक सुरू केली. जेवणे आटोपून मुले निजली, की एक मावशी मुलांजवळ थांबे आणि बाकीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसत. ताई नोंदवही उघडी आणि प्रत्येक मुलाविषयी ज्या बाईने त्या दिवशी त्याला भरवले-निजवले तिने सांगायचे, ताईने तिच्याच शब्दांत उतरून घ्यायचे. ‘तिच्याच शब्दांत’ हा नियम मी कसोशीने पाळायला लावला. सुशिक्षित मुलगी लिहिताना ‘मूल चिडचिडे’ असे लिहिते; मावशी सांगतात, ‘घास तोंडात धरून ठेवतो, गिळत न्हाई, आन् कान ओढतो.’ पहिल्या नोंदीचा काही उपयोग नसतो, दुसऱ्या नोंदीवरून डॉक्टरांना कानाचा दाह ओळखता येतो. प्रारंभी मावशी संकोचत. आपण सांगितलेले कोणी लिहून घेते, आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवून ‘आज कसे होते?’ असे पुन्हा विचारते, याची त्यांना सवय नव्हती. सवय झाल्यावर मात्र त्या मुलाला भरवताना अधिक निरखू लागल्या, आणि स्वतःच्या रीतींविषयीही प्रश्न करू लागल्या. नाकात तेल सोडायचे नाही तर चोंदलेले नाक मोकळे कसे करायचे, हा प्रश्न मावशींनी विचारला तेव्हा ताईला पुस्तक उघडावे लागले, डॉक्टरांना भेटावे लागले, आणि मिठाच्या पाण्याच्या थेंबांची माहिती ती घेऊन आली. नव्या मुलाच्या आईने पहिला आठवडा काही वेळ येथेच बसावे, तिची एखादी जुनी मऊ साडी मुलाजवळ ठेवावी, आणि रुळेपर्यंत त्या मुलाला एकाच मावशीने सांभाळावे, हे नियमही त्या उंबऱ्यावरच ठरले.

या वहीचे मोल कळले ते एका मोठ्या संकटातून. सव्वा वर्षाच्या एका मुलाविषयी मावशींनी सांगितले, की सकाळी येतो तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात पण तो बघत नसतो, आणि अकरा वाजून गेल्यावर मूल जागे होते. दोन-तीन दिवस हीच नोंद झाल्यावर ताईने मागची पाने चाळली, आणि तिच्या ध्यानात आले, की सोमवारी हे मूल ताजेतवाने येते, सुस्ती मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत असते. शनिवार-रविवार आईबाप घरी असत. एरवी संध्याकाळपासून रात्रीपर्यंत एका ब्युरोने पाठवलेली बाई मुलाजवळ असे. सर्दीच्या काही पातळ औषधांत झोप आणणारे द्रव्य असते, हे ताई तिच्या अभ्यासक्रमात शिकली होती. आईला विश्वासात घेऊन विचारले, तेव्हा फडताळातली सर्दीच्या औषधाची बाटली सर्दी नसतानाही निम्मी झालेली आढळली. मुलाला डॉक्टरांकडे नेले, औषध बंद झाले, आणि ते सुदैवाने पूर्ववत झाले. मावशींच्या नजरेवाचून ही झोप कोणाला दिसली नसती, आणि ताईच्या अभ्यासावाचून तिचे कारण कळले नसते.

त्या ब्युरोच्या बाईला मी भेटले. ती दिवसा एका घरी म्हाताऱ्या माणसाजवळ ड्यूटी करून संध्याकाळी या मुलाच्या घरी येत होती, आणि तिच्या ओळखपत्रावर ‘प्रशिक्षित’ असा शिक्का होता. ते प्रशिक्षण म्हणजे काही दिवसांची व्याख्याने, ज्यांत ती बहुतेक वेळ दमून पेंगत होती असे तिने स्वतःच सांगितले. मला त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांची आठवण झाली. १९२२च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी सरकारच्या वतीने गिरणीतल्या स्त्रियांची चौकशी केली, तेव्हा पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देण्याचा प्रघात चाळीचाळींतून आढळला होता. त्या आया काही निष्ठुर नव्हत्या. त्यांच्यापाशी दुसरा उपायच नव्हता. थकलेल्या बाईच्या हाती एकटे मूल दिले आणि तिला विचारणारे कोणी ठेवले नाही, तर शंभर वर्षांपूर्वी जे घडले तेच शिक्का मारलेल्या ओळखपत्रासह आजही घडते.

इंग्लंडातल्या नॉरलंड या संस्थेचे उदाहरण आमच्याकडे काही लोक देतात. एमिली वॉर्ड यांनी १८९२ मध्ये फ्रेबेलच्या तत्त्वांवर ती काढली, आणि श्रीमंत घरांतून मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांना मोलकरणींच्या पंक्तीतून उठवून प्रतिष्ठेच्या व्यवसायात बसवले, ही कामगिरी खरोखर मोठी. पण तेथेही पदवीची तीन वर्षे पुरी झाल्यावर एक वर्ष प्रत्यक्ष एखाद्या घरी नोकरी केल्यावाचून संस्थेची पदविका हाती पडत नाही, हे या लोकांना क्वचितच ठाऊक असते. शिवाय तो खर्च पेलणाऱ्या मुली आणि तो पगार पेलणारी घरे निराळी. आपल्याकडचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. भावनगरला गिजुभाईंसमवेत बालशिक्षणाचा पाया घालून, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिल्यावर, ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या, आणि मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले, तेव्हा मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊनच येतात, किंवा त्यांच्यापायी येतच नाहीत, हे ध्यानात घेऊन पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी तेथे आकारास आली. माँटेसरीची किमती साधने टाकून शंख, बिया, पाने यांची साधने केली. मी कोसबाड पाहिले, आणि शास्त्राने लोकांच्या अंगणात जाऊन बसावे, तेथे काय चालले आहे ते आधी पाहावे, मग बोलावे, ही रीत तेथेच माझ्या मनात ठसली.

इतके झाले तरी दाखल्याला मी कमी लेखत नाही, आणि त्याचे कारण मावशींच्याच बाबतीत मला फार कटुतेने कळले. आमच्याकडून वयोमानाने नव्हे, तर घर दूर गेल्यामुळे त्या निघाल्या, आणि नव्या घराजवळच्या एका कारखान्याच्या पाळणाघरात त्यांनी अर्ज केला. मी शिफारसपत्र दिले. तेथील कारकुनाने प्रशिक्षणाचा कागद मागितला. तो नव्हता, सबब अर्ज नामंजूर झाला, आणि ती जागा बारावी होऊन तीन महिन्यांचा वर्ग केलेल्या, तान्हे मूल पूर्वी हातातही न घेतलेल्या मुलीला मिळाली. कायद्याच्या अक्षराला धरून कारकुनाचे बरोबर होते. ज्या बाईने आयुष्यभर हे ज्ञान वाहिले तिला ते सिद्ध करण्याची सोय कोणीच केलेली नव्हती, हा अन्याय मात्र कोणत्याही कारकुनापेक्षा मोठा आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. अलीकडे कौशल्य-विकासाच्या सरकारी योजनेत, काम करूनच शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याच्या पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची तरतूदही आली आहे. या तरतुदीकडे मी मोठ्या आशेने पाहते. कागद हाती असलेली बाई पगार ठरवताना मान खाली घालत नाही, आठवड्याची सुट्टी मागते, आणि ‘तुला काय कळते?’ असे तिला सहजासहजी कोणी म्हणत नाही.

म्हणूनच, प्रारंभी सांगितलेल्या स्त्रियांच्या वर्गाची परीक्षा घेण्याचे काम मी पत्करले. ती परीक्षा लेखी ठेवण्याचा मूळ बेत होता. मी तो मोडून काढला. उमेदवार बाईने चालू पाळणाघरात एका अनोळखी मुलाजवळ सकाळभर राहायचे, त्याला भरवायचे, निजवायचे, आणि मग परीक्षकांना त्या मुलाविषयी तिने काय पाहिले ते तोंडी सांगायचे. त्यानंतर बाहुलीवर घशातला अडथळा काढून दाखवायचा, पाण्यात मीठ-साखरेचे प्रमाण घालून दाखवायचे, आणि झटका आलेल्या मुलाला कसे ठेवाल ते करून दाखवायचे. मागच्या खेपेस सही करतानाही हात कापणाऱ्या एका बाईने सांगितले, की मूल उजव्या हाताने घास घेते पण पाण्याचा पेला नेहमी डावीकडून धरायला जाते, तेव्हा उजवा खांदा कुठे दुखावला आहे का ते आईला विचारावे. आम्ही विचारले; आदल्याच दिवशी ते पाळण्यातून त्या अंगावर पडले होते. तिला झटक्याविषयीचे उत्तर आले नाही, म्हणून दाखला रोखून ठेवला आहे, आणि तेवढा भाग शिकवून येत्या महिन्यात पुन्हा तपासायचे ठरले आहे. तोपर्यंत तिची नेमणूक सध्याच्याच पगारावर चालू ठेवावी असे मी ती काम करते त्या पाळणाघराला लिहिले आहे, आणि दाखला मिळताच पगार किती वाढेल ते आताच लेखी कळवावे, असेही त्या पत्रात घातले आहे.